गढीतील मुक्काम



आपल्या बायकांच्या प्रवासाचा इतिहास लिहायला घेतला, तर तो माहेर, लग्नकार्य आणि तीर्थयात्रा या तीन शब्दांत आटोपेल. आपल्या आज्यांनी यापलीकडे गावाची शीव फारशी ओलांडली नाही. नुसत्या विसाव्यासाठी, चार दिवस चूल विझवून, परक्या ठिकाणी जाऊन राहायचे, ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटली असती. आता काळ पालटला आहे. धान घरात आले आणि मुलांच्या शाळांना सुटी लागली, की आपल्या आसगावातूनही एखादे कुटुंब गाडी करून कोठे तरी जाऊन येते. त्यातही अलीकडे एक नवी हौस निघाली आहे. ती म्हणजे जुन्या काळच्या गढीत, किल्ल्यात किंवा राजवाड्यात भाडे देऊन पाहुण्यासारखे राहण्याची.

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा मी हाच विषय घेतला. वरवर पाहता ही करमणुकीची गोष्ट दिसते. पण तिच्यामागे बराच इतिहास आहे, त्यात एक वादही आहे, आणि आपल्या पवनी तालुक्याच्या पुढच्या दिवसांशीही तिचा संबंध पोहोचतो.

प्रवासात रात्र कोठे काढायची, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडून महाशिवरात्रीला पचमढीच्या महादेवाला लोक पूर्वी पायी जात. खांद्यावर त्रिशूल घेऊन चौरागड चढत. वाटेत कधी झाडाखाली, कधी देवळाच्या सभामंडपात पथारी टाकत. पंढरपूर, काशी, नाशिक अशा मोठ्या क्षेत्रांत धर्मशाळा असत. अहिल्याबाई होळकरांनी (१७२५ ते १७९५) देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. धर्मशाळेचा रिवाज साधा होता. आपला शिधा आपण आणायचा, आपण रांधायचे, जाताना जागा झाडून सारवून ठेवायची. तेथे गरीब-श्रीमंत हा भेद पुष्कळसा मिटे. जातीचा भेद मात्र मिटत नसे, हेही खरे सांगितले पाहिजे. दार उघडे असले तरी ते सगळ्यांना सारखे उघडे नव्हते.

पुढे इंग्रजी अंमल आला. १८५३ साली नागपूरचे तिसरे रघूजीराजे भोसले औरस वारस नसता वारले आणि त्यांचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत झाला व आपला भंडारा जिल्हा त्यात गेला. साहेबाला दौऱ्यावर राहण्यासाठी मोठ्या रस्त्यांवर डाक बंगले आणि तलावांकाठी, जंगलांत सरकारी विश्रामगृहे उभी राहिली. उंच जोते, चहूबाजूंनी व्हरांडा, मागच्या बाजूला वेगळे स्वयंपाकघर आणि सेवेला खानसामा, असा त्यांचा थाट होता. आपल्या माणसांचा त्या बंगल्याशी संबंध एवढाच, की हातात अर्ज घेऊन व्हरांड्याखाली उभे राहायचे. आत जाण्याचा अधिकार पाणी भरणाऱ्याला आणि पंखा ओढणाऱ्यालाच होता.

हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण जुन्या वास्तूंचा इतिहास पाहताना आपण ती कोणी बांधली आणि कोणी जिंकली एवढेच विचारतो. तिच्या दारातून आत कोणाला जाता येत होते, हेही विचारायला हवे. आज अशा सरकारी विश्रामगृहांत साधी कुटुंबेही नाव नोंदवून राहतात. व्हरांड्यात मुले खेळतात. यात केवढा बदल झाला, हे त्या मुलांना ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक असावे.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. राजे गेले, पण राजवाडे राहिले. शंभर दीडशे खोल्यांच्या वाड्याचे छप्पर शाकारायचे तर तिजोरी लागते, आणि तिजोरी तर गेलेली. काही राजांनी वेळीच ओळखले, की वाड्यानेच आपले पोट भरले पाहिजे. जयपूरचा रामबाग राजवाडा १९५७ साली हॉटेल झाला. उदयपूरच्या तळ्यातला राजवाडा १९६३ साली झाला. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हा आणखी पुष्कळांनी तीच वाट धरली. राजस्थानातलाच नीमराणा हा पंधराव्या शतकातला किल्ला. तो पडक्या अवस्थेत होता. १९८६ साली नव्या मालकांनी घेतला, त्याची डागडुजी केली आणि १९९१ साली तो पाहुण्यांसाठी उघडला.

परदेशांतही हीच चाल दिसते. स्पेन देशात १९२८ सालापासून सरकारनेच प्रवाशांसाठी निवासगृहांची मालिका सुरू केली. पहिले निवासगृह नवे बांधलेले होते, पण पुढे जुने किल्ले आणि मठ दुरुस्त करून त्यांत अशी कितीतरी निवासगृहे काढली. आडबाजूच्या, ओसाड पडत चाललेल्या गावांत प्रवासी यावेत आणि जुन्या इमारतीही वाचाव्यात, असा दुहेरी हेतू त्यामागे होता.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी हाच घाट चढून सासवडला सोपानदेवांच्या गावी मुक्कामाला जाते. घाट ओलांडल्यावर, सासवडच्या अलीकडे, जाधववाडी गावाजवळ एक गढी आहे. तिला जाधवगड म्हणतात. शाहू महाराजांचे सरदार पिलाजीराव जाधवराव यांनी ती १७१० साली बांधल्याचे सांगतात. म्हणजे औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, १७०८ साली साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला, त्यानंतरचा हा अगदी धामधुमीचा काळ. पिलाजीराव पुढे पहिल्या बाजीरावांबरोबर मोहिमांवर होते. १७२९ साली महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून राजा छत्रसालाला सोडवण्यासाठी मराठे बुंदेलखंडात गेले, त्या स्वारीत पिलाजीरावांचे नाव येते. वाघोलीचे हे जाधव घराणे सिंदखेडच्या जाधवरावांशी आपले नाते सांगते. सिंदखेड राजा आपल्या विदर्भातलेच, बुलढाणा जिल्ह्यातले. जिजाऊ मासाहेबांचे माहेर. तेव्हा जाधवगडाचे नाव ऐकून आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

हॉटेलच्या धंद्यात नाव मिळवलेले विठ्ठल कामत यांनी या गढीची दुरुस्ती केली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे हॉटेल सुरू झाले. आत जुन्या वस्तूंचे एक संग्रहालय आहे, त्याला त्यांनी ‘आई’ असे नाव दिले आहे.

पुण्याला माझी धाकटी नणंद असते. तिच्याकडे गेलो असता तिने व नणदोईंनी हौसेने आम्हा उभयतांना तेथे एक रात्र नेले. दारात पाहुणे आले की तुतारी फुंकतात. आमच्यासाठीही फुंकली, तेव्हा मला पदर सावरावा की हसावे ते कळेना! आमच्या घरच्यांनी मात्र छाती काढून दोन पावले टाकली, जणू तेच बुंदेलखंडची स्वारी करून आले होते. थट्टा सोडली, तर त्या जाड दगडी भिंतींच्या आत शिरल्यावर मनाला जी शांतता वाटली ती खरी होती. बाहेर उघड्याबोडक्या टेकड्या, वारा, आणि दूरवर शेते. आपल्याकडची हिरवी धानाची बांधी आणि बोडीचे पाणी पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना तो मुलूख कोरडा वाटतो. पण रात्री तटावर उभे राहिले की आजूबाजूला अंधार आणि वर चांदणे; तीनशे वर्षांपूर्वी येथे पहारेकरी असाच उभा असेल, हे पुस्तकात वाचून कळत नाही ते तेथे पायांना कळते.

मला आणखी एक गोष्ट जाणवली. पिलाजीरावांच्या मोहिमांची नावे मिळतात, सनावळ्या मिळतात. पण या गढीत रोज किती पायल्यांचे दळण होत असे, पाणी कोठून शेंदत, स्वारीहून अवेळी आलेल्या घोडेस्वारांसाठी भाकऱ्या कोण थापत असे, बाळंतिणीची खोली कोणती, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. तटबंदी पुरुषांनी राखली असेल, पण आतली गढी बायकांनी चालवली. जुनी भांडी नि घरातल्या वस्तू पाहताना या बायकांची पहिल्यांदा आठवण होते. वास्तूत मुक्काम करण्याचा हा मला सर्वांत मोठा लाभ वाटला. नुसते पाहायला गेलेला माणूस दरवाजा नि तट पाहून परत फिरतो. जो रात्र काढतो त्याला पाण्याची, चुलीची, उजेडाची आठवण होते, आणि मग इतिहासातली माणसे जिवंत वाटू लागतात.

किल्ल्यात विसाव्यासाठी जाणे ही तशी नवी गोष्ट नव्हे. जाधवगडापासून जवळच पुरंदर किल्ला आहे. १६५७ साली संभाजी महाराजांचा जन्म तेथे झाला, १६६५ साली मुरारबाजी तेथे लढता लढता पडले आणि त्याच सालचा जयसिंगाशी झालेला तह त्याच किल्ल्याच्या नावाने ओळखला जातो. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्याच पुरंदरावर आपल्या आजारी शिपायांसाठी हवा पालटण्याचे ठिकाण केले. दुसऱ्या महायुद्धात तर तेथे जर्मन लोकांना अटकेत ठेवले होते. लोकमान्य टिळक उन्हाळ्यात सिंहगडावरच्या आपल्या बंगल्यात जाऊन राहत असत. म्हणजे किल्ल्यांवर वीर मरण पावले, राजपुत्र जन्मले, आजारी बरे झाले, कैदी कोंडले गेले आणि थोर माणसांनी विसावा घेतला. वास्तू तीच राहते, तिचे काम बदलत जाते.

मग वाद कशाचा? तोही समजून घेतला पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये बातमी आली, की महाराष्ट्र सरकार पर्यटन विकास महामंडळामार्फत राज्यातले पंचवीस किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देणार. ती ऐकताच महाराष्ट्रभर संतापाची लाट उठली. ज्या किल्ल्यांसाठी मावळ्यांनी रक्त सांडले, तेथे लग्नाच्या वराती आणि मेजवान्या होणार काय, असा सवाल लोक करू लागले. तेव्हा सरकारने खुलासा केला, की छत्रपती शिवाजी महाराजांच्या इतिहासाशी निगडित असलेल्या पहिल्या वर्गातल्या किल्ल्यांना हात लावला जाणार नाही; हा विचार केवळ दुसऱ्या वर्गातल्या, संरक्षित नसलेल्या किल्ल्यांपुरता आहे.

त्या वेळी आमच्या घरीही यावर बरीच खडाजंगी झाली. एक पक्ष म्हणे, किल्ला पडला तरी चालेल पण विकता कामा नये. दुसरा म्हणे, पडू देणे हा कोणता मान? मी भाकरी थापता थापता दोन्ही बाजू ऐकत होते आणि मला आपल्या घराचीच उपमा सुचली.

आपल्या प्रत्येकीच्या घरात देवघर असते आणि ओसरी असते. देवघर लहान का असेना, तेथे पायताण घालून कोणी जात नाही, आणि कितीही पाहुणे आले तरी देवघरात कोणाची गादी घालत नाहीत. ओसरीचे तसे नाही. ती आल्यागेल्यासाठीच असते. ओसरीवर माणूस बसलाच नाही तर तिची शोभा जाते, कोपऱ्यात कोळिष्टके धरतात आणि उंदीर घुशी पोखरतात. दोन्ही जागा एकाच घरातल्या, दोन्ही आपल्याच. पण दोन्हींचा मान राखण्याची रीत वेगळी. देवघराचा मान ते जपल्याने राहतो. ओसरीचा मान ती वापरल्याने राहतो.

आपल्या जुन्या वास्तूंचेही असेच आहे. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड ही महाराष्ट्राची देवघरे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यांत ही नावे आहेत. सिंदखेड राजाचा जिजाऊंचा जन्मवाडा हेही देवघरच. १२ जानेवारीला तेथे लोटणारी गर्दी पाहिली म्हणजे ते सांगावे लागत नाही. पण गावोगावच्या शेकडो गढ्या, वाडे, जुने बंगले या ओसऱ्या आहेत. सरकारी यादीत त्यांची नावे नाहीत, कोणी फुले वाहायला जात नाही. त्यांना देवघर म्हणायचे आणि प्रत्यक्षात मात्र पावसात उभे सोडायचे, याला मान म्हणता येत नाही.

काही ठिकाणी मात्र ओसरी आणि देवघर एकाच भिंतीआड असतात, आणि तेथे खरी परीक्षा होते. गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, तेरेखोल नदीच्या पलीकडच्या तीरावर, समुद्रावर डोळा ठेवून एक छोटा किल्ला उभा आहे. केरी गावाहून होडीने नदी ओलांडून तेथे जातात. सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी सतराव्या शतकात तो बांधला. १७४६ साली पोर्तुगिजांनी तो घेतला. किल्ल्याच्या अंगणात संत अँथनीचे चर्च आहे. गोवा मुक्तीच्या लढ्यात १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी पोर्तुगीज सत्तेला न जुमानता या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढच्या वर्षी पुन्हा सत्याग्रही गेले, तेव्हा गोळ्या चालल्या आणि या भूमीवर रक्त सांडले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. नंतर बरीच वर्षे याच किल्ल्यात हॉटेल चालले. खोल्या मोजक्या सात, आणि त्यांना सोमवार, मंगळवार अशी आठवड्याच्या वारांची नावे. दूरदूरचे प्रवासी तेथे समुद्राकडे पाहत विसावा घेत.

आता या किल्ल्याला काय म्हणावे? जेथे सत्याग्रहींनी छातीवर गोळ्या झेलल्या, ती जागा देवघर आहे यात शंका नाही. जेथे प्रवासी चार दिवस निवांत राहतात ती ओसरी आहे, यातही शंका नाही. मला वाटते, दोन्ही नांदू शकतात; आपल्या घरांत नांदतातच की! पण त्याला अट आहे. ओसरीवरच्या पाहुण्याला देवघर कोठे आहे हे यजमानाने सांगितले पाहिजे. सोमवारच्या खोलीत उतरलेल्या प्रवाशाला १९५४ सालचा तिरंगा ठाऊक नसेल, तर दोष पाहुण्याचा नाही. त्याला कोणी सांगितले नाही, हा दोष आहे. जुन्या वास्तूचे छप्पर पैशाने टिकते, पण तिची गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडानेच टिकते. छप्पर राहिले नि गोष्ट गेली, तर ती वास्तू म्हणजे इतर हॉटेलांसारखे एक हॉटेल.

दुसरी अट दाराची. अशा हॉटेलांतले एका रात्रीचे भाडे आपल्याकडे रोवणी करणाऱ्या बाईच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढे असते. हॉटेलवाल्याचा खर्च मोठा असतो, हे मान्य आहे. पण ज्या गावच्या पाथरवटांनी दगड घडवले आणि ज्या गावच्या बायांनी पाणी वाहिले, त्या गावच्या मुलांना वर्षातून निदान एक दिवस तरी ती वास्तू विनामूल्य पाहता आली पाहिजे. नाही तर डाक बंगल्याच्या व्हरांड्याखाली अर्ज घेऊन उभे राहण्याचा तो जुना काळ वेगळ्या वेषात परत आला असे होईल. तिसरी अट कामाची. तेथली कामे आधी त्याच गावच्या लोकांना मिळावीत. जाधवगडावर आमची खोली झाडायला आलेली बाई जवळच्याच गावची होती. घर सांभाळून चार पैसे मिळतात, असे ती समाधानाने सांगत होती. तिच्याशी बोलताना मला तुतारीपेक्षाही अधिक बरे वाटले.

हे सगळे आपल्या दारात कसे येते, ते सांगून लेख पुरा करते.

आपल्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. हे तलाव कोहळी लोकांनी बांधले. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. मालगुजारीच्या काळात तलावाचा गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, पाणी वाटणे हे ठरलेले काम होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा जुलूम गेला, हे फार चांगले झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि गाळ कोणी काढायचा हे कोणालाच नीट कळेना. पुष्कळ तलाव गाळाने भरले, पाळी फुटल्या. यातून मी एक धडा घेते. एखाद्या वस्तूचा जुना धनी गेला, तर नवा धनी लवकर ठरला पाहिजे. ‘सगळ्यांचे’ म्हणून सोडलेले शेवटी कोणाचेच राहत नाही.

तलावांची जी गत झाली तीच मालगुजारांच्या वाड्यांची. आपल्या भागात हिंडताना असे वाडे दिसतात. मुले नागपूर-पुण्याला नोकरीला गेली, घरात एखादे म्हातारे माणूस, किंवा तेही नाही. पावसाळ्यात एक भिंत बसते, पुढच्या पावसाळ्यात दुसरी. मग कोणी व्यापारी येतो, सागवानी खांब, नक्षीची दारे, तुळया उतरवून घेऊन जातो. ते खांब म्हणे शहरांतल्या हॉटेलांत शोभेला लावतात. आपल्या वाड्याचा खांब तेथे जुन्या काळाचा देखावा करतो आणि येथे आपल्या गावात त्या जागी एरंड उगवतो!

आणि प्रवासी तर आपल्या दारावरूनच जातात. २०१२ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झाले. पवनीच्या बाजूनेही त्यात जाता येते. वाघ पाहायला नागपूरकडून गाड्या येतात आणि वाघ दिसो न दिसो, परत जातात. पवनीचा जुना मातीचा तट, वैनगंगेवरचे घाट, देवळे हे पाहायला किती जण थांबतात? १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी पवनीला उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. दोन हजार वर्षांहून जुने वैभव आपल्या पायांखाली आहे! आम्ही चौथीच्या पुस्तकात शिवरायांचा इतिहास वाचला आणि तो मनावर कोरला गेला. पण घरापासून थोड्याच अंतरावरच्या या स्तूपाविषयी आम्हाला शाळेत असताना कोणी सांगितले नव्हते.

स्तूप आणि तट हे आपले देवघर. तेथे हॉटेल नको, उपाहारगृह नको. तेथे स्वच्छता, सावली आणि माहिती देणारा एक फलक हवा. परंतु जे वाडे अजून उभे आहेत ते आपल्या ओसऱ्या आहेत. धन्याची इच्छा असेल तर अशा एखाद्या वाड्याच्या दोन खोल्या नीट करून प्रवाशांना उतरायला देता येतील. त्यासाठी राजवाडा लागत नाही. सारवलेली जमीन, स्वच्छ न्हाणी, घट्ट दार, पिण्याचे चांगले पाणी आणि गरम जेवण एवढे असले की पुरे. राज्याची ‘निवास व न्याहारी’ योजना आहेच. २०२३ साली राज्य सरकारने पर्यटनात उतरणाऱ्या महिलांसाठी खास धोरण आणले, त्याचेही नाव ‘आई’. नाव गोड आहे. आता ते आपल्या ओसरीपर्यंत आणणे आपल्या हाती आहे.

म्हणून मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते. पहिली, आपल्या गावात व जवळपासच्या गावांत पन्नास वर्षांहून जुने वाडे, विहिरी, देवळे किती आहेत, त्यांची एक वही करावी. दुसरी, त्या प्रत्येक वास्तूची गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून त्याच वहीत लिहावी. कोण राहत होते, चूल कोठे होती, कोणत्या साली पूर आला, हे सगळे. पुरुषमंडळी सातबारा दाखवतील, पण वाड्याच्या आतली गोष्ट सासवांना आणि आजेसासवांनाच ठाऊक असते, आणि त्यांच्याबरोबर ती निघून चालली आहे. तिसरी, वाड्याच्या धन्याला मंडळातर्फे भेटून, खांब विकण्यापूर्वी एकदा आमच्याशी बोला, अशी विनंती करावी. विनंतीला पैसे पडत नाहीत.

तीनशे वर्षांची गढी नव्याने उभी करायला मोठे भांडवल लागते. ते आपल्याजवळ नाही. पण वही, पेन आणि विचारणारे तोंड एवढे भांडवल आपल्या मंडळात भरपूर आहे. येत्या वर्धापनदिनापर्यंत त्या वहीची निदान पहिली वीस पाने भरलेली असावीत, एवढीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेते.